काय आणि गाय

आधी माउसचा बाण थबकायचा. मग पडदा काळा. दोन-तीन श्वासांत तो परत उजळायचा, तर त्यावर फक्त माझं नाव आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. जणू मी आत्ताच सकाळी लॅपटॉप उघडलाय. अर्धवट अनुवाद, शेजारचा मूळ मजकूर, शब्दकोश, ब्राउझरमधल्या पंधरा-वीस टॅब, सगळं गेलेलं. चूक झाल्याची पाटी नाही, दिलगिरी नाही. ओसरीवर निवांत गप्पा चाललेल्या असताना कुणी दंडाला धरून उंबऱ्याबाहेर आणून उभं करावं, दार लावून घ्यावं आणि आतून विचारावं, "कोण आहे?"

ही गोष्ट 2023 च्या ऑक्टोबरातली. मी माहितीपुस्तिकांचे अनुवाद करते. पाण्याचे पंप, फवारणीयंत्रं, कडबाकुट्टी. या कामात नाव छापून येत नाही, पण वेळेवर दिलं तर पैसे वेळेवर येतात. त्या वेळी धार काढायच्या यंत्राची पुस्तिका हातात होती आणि ती दिवाळीआधी द्यायची होती. लॅपटॉप जुना, त्यावर विंडोजऐवजी उबंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. लिनक्स वापरण्यामागे माझं काही तत्त्वज्ञान नाही. त्या वयाच्या मशीनवर तेच सुखाने चालत होतं, एवढंच.

सांगलीतल्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोनवर सांगितलं तर त्याने ऐकता ऐकताच निकाल दिला, "फॉरमॅट मारून टाका मॅडम." आपल्याकडे संगणकाच्या कुठल्याही दुखण्यावर हे एकच औषध आहे. मी तेही केलं असतं, पण त्याआधी पुण्याला भाच्याला फोन केला. तो दिवसभर कंपनीत सर्व्हर सांभाळतो आणि रात्री नातेवाइकांचे प्रिंटर.

त्याने पहिला प्रश्न विचारला, "मावशी, लॅपटॉप बंद पडतो, की तूच बाहेर पडतेस?"

मला तो आगाऊपणा वाटला. म्हटलं, "अरे, पडदा काळा होतो म्हणजे बंदच पडला ना!"

"तसं नाही. टर्मिनल, ती आज्ञा टाइप करायची खिडकी, उघड आणि 'अपटाइम' लिही."

लिहिलं. उत्तर आलं, मशीन चार दिवस तीन तासांपासून चालू आहे. आणि मी तर त्याच संध्याकाळी बाहेर फेकली गेले होते. म्हणजे मशीन बंद पडलं नव्हतं, दचकलंही नव्हतं. संपलं होतं ते फक्त माझं सेशन.

सेशन हा शब्द मी रोज पडद्यावर बघत होते, पण तो काय असतो याचा कधी विचार केला नव्हता. आपण पासवर्ड देतो तेव्हा आपल्या नावाने एक प्रोसेस, म्हणजे चालता कार्यक्रम, उभी राहते आणि पुढे उघडलेली प्रत्येक खिडकी शेवटी तिच्याच आधाराने असते. तंबूचा मधला खांब म्हणा. जुन्या पद्धतीत खांब दोन होते. पडद्यावर चित्र काढणारा कार्यक्रम वेगळा, त्याचं नाव एक्स, 1984 साली अमेरिकेत एमआयटीत जन्मलेला. आणि खिडक्या मांडणारा, त्यांना चौकटी लावणारा वेगळा. मांडणारा कोसळला तरी चित्र काढणारा जागेवर असायचा. खिडक्या बोडक्या दिसायच्या, पण असायच्या, आणि मांडणाऱ्याला पुन्हा उभं करता यायचं. 2008 मध्ये वेलँड नावाची नवी रचना सुरू झाली. तिच्यात दोन्ही कामं एकाकडे आली. त्याचा फायदा मोठा आहे, एका खिडकीला दुसरीत टाइप होणारं चोरून वाचता येत नाही. पण तो एकुलता खांब पडला की कापड अंगावर येतं. माझ्या मशीनवर तो खांब म्हणजे नोम शेल, वर काळी पट्टी आणि डाव्या बाजूला चिन्हांची रांग दाखवणारा.

"आता जर्नल वाच," भाचा म्हणाला.

"कसलं जर्नल?"

"मशीनचं. ते सगळं लिहून ठेवतं. जर्नलसीटीएल, सगळं एकत्र, मध्ये जागा सोडू नकोस. मग जागा. मग दोन वेळा उणे आणि 'सिन्स'. मग अवतरणात वेळ."

माझे वडील रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मिरज-पुणे मार्गावरच्या लहान स्टेशनांवर त्यांची नोकरी गेली. भिलवडी, ताकारी, अशी. शाळेला सुटी असली की मी त्यांचा डबा घेऊन स्टेशनवर जायची आणि त्यांच्या टेबलाशी उभी राहायची. टेबलावर लांबरुंद ट्रेन सिग्नल रजिस्टर उघडं असायचं. पलीकडच्या स्टेशनने लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, केव्हा मागितलं, केव्हा दिलं, गाडी केव्हा आली, केव्हा सुटली. रकानेच्या रकाने नुसत्या वेळा. त्यात खाडाखोड चालत नसे. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी, मग बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. खोडरबर त्या खोलीत नव्हताच. एकदा मी विचारलं, "कोयना उशिरा आली तर का आली ते कुठे लिहायचं?" अण्णा म्हणाले, "इथं केव्हा लिहायचं. का ते चौकशीवाले बघतील."

जर्नल उघडलं आणि ते टेबल आठवलं. डावीकडे वेळ, मग कोण बोलतंय त्याचं नाव, मग एक ओळ. सेकंदाला कधी एक, कधी चाळीस. आणि जवळजवळ प्रत्येक ओळ वाचून पोटात गोळा यावा अशी. ब्लूटूथला काहीतरी सापडलं नाही, पंख्याने काहीतरी नाकारलं, कुणाची फाइल गायब, 'एरर' आणि 'फेल्ड' तर पावलोपावली. मी त्या रात्री अकरा वेगवेगळी कारणं शोधून काढली आणि एक वाजता भाच्याला सगळी लिहून पाठवली. सकाळी त्याचं उत्तर आलं, "ज्या दिवशी काही झालं नाही त्या दिवशीचं जर्नल उघड. ज्या ओळी तिथेही आहेत त्या काट."

अकरापैकी दहा कटल्या. उरली ती कर्नलची, म्हणजे सगळ्या कार्यक्रमांवर नजर ठेवणाऱ्या उबंटूच्या गाभ्याची ओळ, संध्याकाळी 7 वाजून 42 मिनिटांची. नोम शेल, सेगफॉल्ट. म्हणजे आपल्या मालकीची नसलेली जागा वाचायला गेला आणि कर्नलने त्याला जागच्या जागी संपवलं. पुढच्याच ओळीत सिस्टिमडीने, म्हणजे कार्यक्रम सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थापकाने, नोंद केली होती, मुख्य प्रोसेस संपली, स्थिती 11. त्याखाली, या अमुक वापरकर्तीचं सेशन बंद झालं. सगळं तीन सेकंदांत. ती वापरकर्ती म्हणजे मी. इतक्या कोरडेपणाने स्वतःचं नाव वाचायची सवय नव्हती.

आता 'केव्हा' मिळालं होतं आणि मला 'का'ची घाई झाली होती. खरं तर 'का' माझ्याकडे आधीपासून तयारच होतं. अपडेट. आदल्याच दिवशी मी मोठं अपडेट केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी चौदा पानांवर बोळा फिरला. यापेक्षा सरळ काय असतं? त्या अपडेटला मी इतकी नावं ठेवली की शेजारच्या काकूंनासुद्धा तो शब्द पाठ झाला.

पुढचे पंधरा दिवस मी जे केलं त्याला शोध म्हणायचं की नवससायास, ठाऊक नाही. नोम शेलला जोडलेल्या हौशी करामती असतात, एक्स्टेन्शन म्हणतात. माझ्याकडे तीन होत्या, तिन्ही काढल्या. चार दिवस काही झालं नाही. पेढे वाटायचे बाकी होते. पाचव्या दिवशी परत उंबऱ्याबाहेर. मग वाटलं, मराठी टंकलेखनाची सोय घोटाळा करत असेल. ती बंद करून दोन दिवस इंग्रजी मजकूर नुसता वाचत बसले. काही झालं नाही. चालू केली, त्यावरही तीन दिवस काही नाही. अधूनमधून होणाऱ्या बिघाडाचा हाच छळ असतो. आपण काहीही केलं तरी ते थोडे दिवस लागू पडतं. बुवा-बाबांचा धंदा यावरच चालत असावा. ताप आपणहून उतरणारच असतो, त्याच दिवशी अंगारा लावलेला असतो.

एवढं मात्र शिकले की रायटरची, म्हणजे मी ज्यात अनुवाद लिहिते त्या कार्यक्रमाची, आपोआप जतन करण्याची वेळ दहा मिनिटांवरून दोनवर आणली. ते आधीच करायला हवं होतं.

मग भाच्याच्या सांगण्यावरून, लॉगिनच्या वेळी कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर टिचकी मारून जुनी एक्सची रचना निवडली. आणि गंमत झाली. दोन दिवसांनी वरची पट्टी नाहीशी झाली, खिडक्यांच्या चौकटी गेल्या, मी नेहमीसारखी श्वास रोखून बसले, आणि चार सेकंदांनी सगळं परत जागेवर. मजकूर शाबूत. दोन खांबांचा तंबू! मी तर म्हटलं, झालं, सुटलं. पण दुसऱ्या दिवशी नोम शेल ठणठणीत असताना रायटर एकटाच गेला. त्याच्यानंतर ब्राउझरमधली एक टॅब. मग फायलींची सूची करणारा एक कार्यक्रम, जो पाठीमागे चालतो हेही मला माहीत नव्हतं.

"आत्तापर्यंत कोण कोण गेलं त्याची यादी कर," भाचा म्हणाला. "नाव, वेळ, आणि ओळीच्या शेवटी कुठल्या लायब्ररीचं, म्हणजे कार्यक्रम वापरतात त्या तयार भागाचं, नाव आहे ते."

मी आखीव वही काढली आणि रकाने पाडले. चौदा नोंदी निघाल्या. नोम शेल सहा वेळा, पण सहाही वेळा वेगळ्या ठिकाणी. बाकीचे आठ विखुरलेले. यादी वाचून दाखवली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एकच माणूस रोज एकाच पायरीवर पडत असेल तर माणसाला किंवा पायरीला बघायचं. इथं घरातला प्रत्येक जण वेगवेगळ्या जागी पडतोय. मावशी, जमीन बघायला पाहिजे. मशीन उघडलं होतंस का?"

"नाही रे. फक्त ते अपडेट."

खोटं बोलत नव्हते. खरंच आठवत नव्हतं.

त्याने वहीत आणखी एक काम लावलं. पहिली नोंद कधीची, तेवढं शोध. माझ्या मते पहिली 19 ऑक्टोबरची, चौदा पानांची. जर्नल म्हणालं, 11 ऑक्टोबर, दुपारी तीन. मग हळूहळू आठवलं. त्या दुपारी मी चहा ठेवायला उठले होते आणि परत आले तर लॉगिनचा पडदा. वाटलं, उठताना कळफलकावर काहीतरी दाबलं गेलं असेल. काही हरवलं नव्हतं म्हणून ती घटना माझ्या लेखी घडलीच नव्हती. अपडेटची तारीख त्याच्या वेगळ्या नोंदवहीत होती, 18 ऑक्टोबर, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ सेकंदासकट. म्हणजे पहिल्या पडण्यानंतर सात दिवसांनी. शेजारच्या काकूंपर्यंत ज्याची बदनामी केली ते बिचारं अपडेट घटनेच्या वेळी गावातच नव्हतं.

आणि मग भाच्याने ती ओळ शोधायला लावली. मशीन सुरू होताना कर्नल पहिल्या क्षणांतच लिहून ठेवतं, मेमरी किती मिळाली. त्याने प्रत्येक वेळच्या त्या ओळी एकाखाली एक काढायला सांगितल्या. 8 ऑक्टोबरपर्यंत आकडा चार जीबीच्या जवळचा. 9 ऑक्टोबरच्या दुपारपासून बाराच्या जवळचा.

मी कपाळावर हात मारला.

त्याचं असं झालं होतं. चार जीबीत माझं भागत नव्हतं. एप्रिल 2022 च्या उबंटूपासून सिस्टिमडी-ऊमडी नावाचा एक पहारेकरी आपोआप कामावर असतो. मेमरीसाठीची ओढाताण मर्यादेबाहेर गेली आणि तशीच टिकली, की तो सगळं गोठायच्या आधी जास्त खाणाऱ्याला बाहेर काढतो. माझ्याकडे त्याची पाळी नेहमी ब्राउझरवर यायची. तो चोख काम करायचा, जर्नलमध्ये कारणही लिहायचा, दाब पन्नास टक्क्यांच्या वर, वीस सेकंदांहून जास्त. पण मला शब्दकोशांच्या टॅब हव्या असायच्या. म्हणून मी 9 ऑक्टोबरला आठ जीबीची एक वापरलेली रॅमपट्टी बसवून आणली. नवीपेक्षा निम्म्या पैशांत. ब्राउझरचं मरणं थांबलं. मी खूश. ती पट्टी माझ्या मनात 'उपाय' या रकान्यात बसली होती, म्हणून 'बदल' या रकान्यात शोधताना ती दिसलीच नाही. भाच्याने मशीन उघडलं का विचारलं तर मी नाही म्हटलं, कारण उघडलं होतं ते दुकानदाराने.

संशय आणि खात्री यांत अजून एक रात्र होती. मेमटेस्ट नावाचा छोटा कार्यक्रम आहे, तो पेनड्राइव्हवर घालून मशीन त्याच्यावरूनच सुरू करायचं. मग उबंटू नाही, खिडक्या नाहीत. तो मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहितो, परत वाचतो, जुळतंय का बघतो, उलटं लिहितो, परत वाचतो. रात्री दहाला लावलं. निळा पडदा, टक्केवारी सरकतेय. अण्णा रात्रपाळीला महालक्ष्मीची वाट बघायचे तशी मी खुर्चीत बसून राहिले. पाऊण तासाने लाल ओळ आली. पत्ता, काय लिहिलं होतं, काय वाचलं. थोड्या वेळाने दुसरी. सकाळपर्यंत पडदा लाल ओळींनी भरला होता, पण पत्ते मोजून दोन-तीनच, पुन्हा पुन्हा तेच.

आठ जीबी म्हणजे सुमारे 6,872 कोटी घरं. प्रत्येक घर म्हणजे विजेचा थेंबभर साठा. तो सारखा झिरपत असतो, म्हणून दर 64 मिलिसेकंदांच्या आत सगळी घरं पुन्हा भरून घ्यावी लागतात. या अखंड पाणी भरण्यात माझ्या पट्टीतली दोन-तीन घरं फुटकी होती. फुटक्या घरात काय येऊन पडेल ते त्या वेळच्या गर्दीवर. तिथे एखाद्या फोटोतला ठिपका येऊन बिघडला तर कुणाला कळत नाही. नोम शेलने पुढचा पत्ता जपून ठेवला असेल तर तो भलत्याच दारात जातो आणि कर्नल त्याला संपवतं. संध्याकाळी जास्त वेळा का व्हायचं तेही उलगडलं. दिवसभरात टॅब वाढत जायच्या, गर्दी फुटक्या घरांपर्यंत पोचायची. मी त्याचं खापर संध्याकाळच्या कमी-जास्त व्होल्टेजवर फोडलं होतं, बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या बाबतीत.

भाचा म्हणाला, पट्टी टाकायची नसेल तर तेवढे पत्ते वापरू नकोस असं कर्नलला बजावता येतं. येतंही. कौल फुटलेल्या खोलीला कुलूप लावून बाकी घरात राहावं, तसं. पण कौलं एकेकटी फुटत नाहीत. मी पट्टी काढली. दुकानदाराने परत घेतली नाही. वापरलेल्या मालाची हमी नसते म्हणाला, आणि वर विचारलं, "फॉरमॅट मारून बघितलं का?" मारलं असतं तर जर्नल पुसलं गेलं असतं आणि पट्टी तिथेच राहिली असती. नवी पट्टी घेतली, ती आधी रात्रभर तपासली, मगच कामाला बसले. तेव्हापासून उंबऱ्याबाहेर कुणी काढलेलं नाही.

इथे संपायला हरकत नव्हती. पण मेमटेस्टच्या त्या लाल ओळींनी एक किडा डोक्यात सोडून दिला. ठिपका बदलला तर कळत नाही. मग अक्षर?

संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो आणि तो क्रमांक शेवटी शून्य-एकच्या रांगेत मांडलेला असतो. क, ख, ग ओळीने येतात. क आणि ग यांच्या रांगा शेजारी ठेवल्या तर फरक एका घराचा आहे. फक्त एका. ते एक घर फुटकं निघालं तर क चा ग होतो आणि त्यात कोसळण्यासारखं काही नसतं. कुणी सेगफॉल्ट लिहीत नाही, कुठे नोंद होत नाही. मजकूर शांतपणे जतन होतो.

हे भाच्याने फोनवर सांगितलं आणि मी उठून कपाटातून पुस्तिकेची तपासलेली प्रत काढली. धार काढायच्या यंत्राची. दिवाळीआधी दिलेली. छपाईआधी तिथल्या तपासनिसाने एक चूक काढली होती आणि मला ती आठवत होती, कारण तेव्हा मी खूप हसले होते. सहाव्या प्रकरणाचं शीर्षक मी लिहिलं होतं, 'धार काढण्याआधी काय तपासावे?' प्रतीत होतं, 'धार काढण्याआधी गाय तपासावे?' त्याने बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं, 'तपासावी?' त्याला लिंगाची चूक वाटली होती. स्पेलचेकला तर काहीच वाटलं नव्हतं. गाय हा शब्द आहे, आणि त्या पुस्तिकेत तो दर पानावर आहे.

तर ही चूक पट्टीची?

भाच्याला विचारलं. तो उत्साहाने हो म्हणायच्या बेतात होता. पण माझी नजर कळफलकावर गेली. मी इनस्क्रिप्ट या मराठी कळरचनेत टाइप करते. त्यात क उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली असतो. आणि ग? त्याच्याच डोक्यावर, वरच्या रांगेत, त्याच बोटाचा. रात्री साडेअकराला थकलेलं बोट एक रांग वर गेलं तरी तोच शब्द उमटतो. पट्टीतही एका घराचा फरक, कळफलकावरही एका घराचा. या एका अक्षराची वेळ कुठल्याही जर्नलमध्ये नाही.

ती प्रत अजून माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात कपाट आवरताना हाती आली. मी पेन घेतलं, 'गाय'वर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर 'काय' लिहिलं. बाजूला सही केली आणि वेळ टाकली, सायंकाळी 6 वाजून 10 मिनिटं.